पावसाच्या वह्या

मुलांनो, आषाढाच्या ऐन झडीत तुम्ही कधी स्वयंपाकघरातील मिठाची बरणी उघडून पाहिली आहे काय? चैत्रात जे मीठ चमच्यातून सळसळत खाली पडत असे, त्याचा आता ओला गोळा झालेला असतो आणि बरणीच्या तळाशी थोडे पाणी साचलेले असते. 'मिठाला पाणी सुटले' असे आपण म्हणतो. याच दिवसांत पापड सादळतात; काडेपेटीच्या काड्या ओढता ओढता गुल झडून जाते, पण काडी पेटत नाही; दारे फुगून चौकटीत अडकतात; कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर हिरवट बुरशी धरते. ही सारी करणी हवेतील ओलाव्याची असते.

मिठाला पाणी सुटते, हे बोलणे मात्र अर्धेच खरे आहे. मीठ पाणी सोडीत नाही, ते हवेतून पाणी ओढून घेते. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी सातवीत होतो. आणि ती कळण्याआधी आमच्या घरातला एक जुलै महिना कायमचा नाहीसा झाला होता.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, डोंगराच्या उतारावर होते. भिंती जांभ्या दगडाच्या आणि छप्पर कौलारू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरीने तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. तेव्हा आमच्या अंगणातील प्रत्येक चौरस मीटरवर चार महिन्यांत तीन हजार लिटर पाणी कोसळत असे, आणि त्यातला बराचसा भाग घराच्या मागच्या उतारावरून भिंतीच्या पायाशी येई. जांभा दगड सच्छिद्र असतो. पायाशी आलेले पाणी तो हळूहळू वर ओढतो आणि आतल्या बाजूला हवेत सोडतो. माजघरामागची खोली तर डोंगराच्या बाजूला होती. तिच्या भिंतीला श्रावणात हात लावला, की तळव्याला गारवा आणि ओल दोन्ही लागत.

याच खोलीत माझ्या आजोबांचे पुस्तकांचे कपाट होते. आजोबा प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. अंगणातल्या मोकळ्या जागी त्यांनी एक पर्जन्यमापक बसविला होता. रोज सकाळी साडेआठ वाजता ते छत्री घेऊन तेथे जात, मोजपात्रातले पाणी मोजत, आणि परत येऊन अंग पुसण्याआधी आकडा वहीत लिहीत. १९६७ सालापासून त्यांचा हा नेम चालू होता. दर वर्षाला एक वही. १९९८ सालच्या पावसाळ्यापर्यंत एकतीस वह्या पुऱ्या झाल्या होत्या आणि बत्तिसावी ओटीवरच्या फळीवर होती. वह्यांमध्ये पावसाखेरीज दुसरे काही लिहायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. तो त्यांनी एकदाच मोडला. १९६७ च्या वहीत ११ डिसेंबरच्या पानावर, 'पाऊस नाही' याच्या पुढे, 'पहाटे भूकंप' एवढे दोनच शब्द आहेत. कोयनेचा तो भूकंप होय.

१९९८ च्या जुलैअखेरीस शाळेला सुट्टी पडली होती, कारण ओढ्यावरचा साकव पाण्याखाली होता. सात-आठ दिवस सूर्याचे दर्शन नव्हते. मी सहज आजोबांचे कपाट उघडले. आतून एक कुबट वास आला. खालच्या खणातल्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी पसरली होती. मी त्यांतली एक वही घेऊन उघडू लागलो. तिची मधली पाने एकमेकांना चिकटली होती. हळूच सोडविण्याऐवजी मी ती ओढली. टर्रकन आवाज झाला, आणि एका पानाचा वरचा पापुद्रा दुसऱ्या पानावर राहिला. १९७४ सालचा जुलै महिना होता तो. आकडे उलटे होऊन, शाई फुटून, निळ्या डागांत मिसळून गेले होते.

आजोबा रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी चष्मा लावून ते पान खिडकीच्या उजेडात धरले, दोन-तीन आकडे वाचण्याचा प्रयत्न केला, आणि वही मिटून ठेवली.

"बाकीच्या तरी वाचव," ते म्हणाले.

आजीचे उपाय आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आले होते. पुस्तकांना वैशाखात ऊन दाखवावे, मधे वेखंडाचे तुकडे ठेवावेत, पोथ्या कापडात घट्ट बांधाव्यात. हे सारे उपाय चांगले आहेत. वेखंडाच्या वासाने कसर दूर राहते आणि घट्ट बांधलेल्या पोथीत हवा कमी शिरते. पण त्या वर्षी वैशाखात आजी आजारी होती, आणि पुस्तकांना ऊन दाखविण्याचे राहून गेले होते. आता आषाढ संपत आला असता ऊन कोठून आणायचे?

मी शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना विचारले. बाईंनी एकदम उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, "आधी खोलीत ओल किती आहे, ते मोजून आण. मग बोलू."

हवा ही स्पंजासारखी आहे असे काही जण समजतात, पण ते तितकेसे बरोबर नाही. एवढे मात्र खरे, की एका घनमीटर जागेत वाफेच्या रूपाने पाणी किती राहू शकेल याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा तपमानाबरोबर वाढते. २० अंश सेल्सिअसला ती सुमारे १७ ग्रॅम, २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम असते. या मर्यादेपैकी शेकडा किती भाग प्रत्यक्षात भरलेला आहे, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती शंभर झाली, की हवा आणखी वाफ सामावू शकत नाही. मग दव पडते, धुके होते, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. साधारणतः सत्तरच्या वर ती दिवसचे दिवस राहिली, की कागद, कातडे आणि लाकूड यांवर बुरशीला चांगले दिवस येतात.

बाईंनी प्रयोगशाळेतले दोन तपमापक दिले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती चिंधीची टोपी घालावयाची, दुसरा कोरडा ठेवावयाचा. हवा कोरडी असेल तर चिंधीतले पाणी झपाट्याने उडून जाते आणि तो तपमापक बराच खाली उतरतो. हवा दमट असेल तर तो फारसा उतरत नाही. मी विंझण्याने वारा घालीत दोन्ही आकडे वाचले. कोरडा २८ अंश, ओला २७. केवळ एका अंशाचा फरक! बाईंच्या कोष्टकात पाहिले तेव्हा सापेक्ष आर्द्रता निघाली सुमारे ९२.

पहिला प्रयोग आम्ही मिठाचाच केला. माझी धाकटी बहीण पाचवीत होती. तिने चार ताटांत जाडे मीठ पसरून ती खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवली. सकाळी चारही ताटांत पाणी! आम्ही आनंदाने ओरडलो. पण तपमापक पाहिले तर फरक तोच, एक अंश. बाईंनी याचे कारण सांगितले. शुद्ध मीठ सुमारे ७५ च्या वरच्या आर्द्रतेतच हवेतून पाणी ओढून विरघळू लागते. त्याखाली ते कोरडे बसून राहते. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा दुसरा क्षार थोडा मिसळलेला असतो. तो मात्र ३३ च्या आसपासही पाणी ओढतो. म्हणूनच जाडे मीठ बारीक शुद्ध मिठापेक्षा लवकर पाझरते. पण तो क्षार त्यात थोडाच. मिठाच्या जोरावर खोली फार कोरडी होणार नाही, हे उघड झाले.

मग मला कळीच्या चुन्याची आठवण झाली. चुना पाणी शोषतो हे मला ठाऊक होते. मी भट्टीवरून चुना आणण्याचे बोलताच आजोबांनी मला तेथेच थांबविले. कळीच्या चुन्याला पाणी लागले की तो भयंकर तापतो, आणि त्याचा कण डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती असते. तुम्हीही तो उद्योग कधी करू नका.

बाईंनी सुचविलेला पदार्थ होता कॅल्शियम क्लोराइड. तो पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतो. प्रयोगशाळेत वस्तू कोरड्या ठेवण्यासाठी तो वापरतात, आणि हल्ली कपड्यांच्या कपाटात ठेवण्याच्या ज्या ओलावा शोषणाऱ्या डब्या बाजारात विकत मिळतात, त्यांतल्या पुष्कळशांत हेच खडे असतात. पावसाळी हवेत हा क्षार आपल्या वजनाइतके, किंबहुना त्याहूनही अधिक पाणी ओढतो आणि शेवटी त्या पाण्यात स्वतः विरघळून जातो. माझे काका कोल्हापुरास नोकरीस होते. त्यांनी तेथून तीन किलो खडे आणून दिले.

आता उपकरण. ते इतके साधे आहे, की उपकरण म्हणताना मला संकोच वाटतो. सरबताची दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली आणि ती मानेखाली चार बोटांवर आडवी कापली. वरचा भाग उलटा करून, म्हणजे तोंड खाली करून, खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसविला. तोंडाला दुहेरी मलमलीचे फडके दोऱ्याने घट्ट बांधले, म्हणजे खडे खाली न पडता पाणी तेवढे गाळून जावे. नरसाळ्याच्या वरच्या कडेला भोके पाडून तेथेही हवेला वाट दिली. मग नरसाळ्यात अर्धा किलो खडे भरले. खडे भरण्याचे काम आजोबांनी स्वतः, हातांत रबरी मोजे घालून केले. हा क्षार त्वचेला झोंबतो, पाण्यात विरघळताना गरम होतो, आणि त्याचे पाणी लोखंडाला लागले तर त्याला गंज चढतो. म्हणून बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवू नये आणि सांडू देऊ नये. आम्ही ती एका मातीच्या परळात उभी केली.

दुसऱ्या दिवशी खड्यांच्या कडा ओलसर होऊन चमकू लागल्या. तिसऱ्या दिवशी फडक्यातून पहिला थेंब पडला. बहीण बाटलीसमोर पाटावर बसून थेंब मोजीत असे. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सारी बाटली तराजूत घातली. तिचे वजन ३९० ग्रॅमने वाढले होते. एवढे पाणी हवेतून आले! मी धावत तपमापक आणले.

कोरडा २८, ओला २७.

त्या संध्याकाळी मी फार खट्टू होऊन बसलो होतो. आजोबांनी पाटी मागितली. "गणित केलेस का?" त्यांनी विचारले. मी केले नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून केले. खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. म्हणजे ३६ घनमीटर. २८ अंशांना पूर्ण भरलेल्या एका घनमीटरात २७ ग्रॅम पाणी. ९२ टक्के भरलेल्यात सुमारे २५ ग्रॅम. म्हणजे सगळ्या खोलीच्या हवेत ९०० ग्रॅमच्या आसपास. ती ६० टक्क्यांवर आणावयाची तर त्यातले सुमारे ३२० ग्रॅम काढले पाहिजे.

"म्हणजे आम्ही जरुरीपेक्षा जास्तच काढले!" मी म्हणालो.

आजोबांनी नुसते वर बोट दाखविले. वर कौले होती. कौलांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा दिसत होत्या, आणि पागोळ्यांचा आवाज आत येत होता. त्या फटींतून आणि दाराखालून हवा सारखी ये-जा करीत होती. समजा, तासाभरात खोलीतील हवा एकदा बदलते. मग दर तासाला बाहेरची दमट हवा नवे ३२० ग्रॅम पाणी घेऊन येणार. दिवसाचे साडेसात किलोंहून अधिक! त्यात भिंतीतून पाझरणारी ओल वेगळी. आणि आमची बाटली चार दिवसांत ३९० ग्रॅम पाणी काढीत होती. आम्ही गळक्या होडीतले पाणी चमच्याने उपसत होतो.

येथे बहिणीने एक युक्ती काढली. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून पाणी जमते, ते तिने पाहिले होते. मग बर्फ ठेवला तर हवेतले पाणी त्यावर गोळा होणार नाही का? युक्ती खोटी नाही. विजेवर चालणारी ओलावा काढण्याची पुष्कळशी यंत्रे याच तत्त्वावर चालतात: आतल्या गार नळ्यांवरून हवा नेली, की तिच्यातले पाणी त्यांवर साचून खाली ठिबकते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन येथे १९०२ साली एका छापखान्यात ओलाव्याने कागद फुगत असे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. त्यासाठी विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअराने गार नळ्यांची योजना आखली. आज आपण ज्याला वातानुकूलन म्हणतो, त्याचा आरंभ अशा रीतीने कागद वाचविण्याच्या खटपटीतून झाला. पण बर्फाचा हिशेब आमच्या कामाचा नव्हता. वाफेचे पाणी होताना बरीच उष्णता बाहेर पडते. ती सारी बर्फाला गिळावी लागते. एक किलो बर्फ वितळून फार तर १३०-१४० ग्रॅम वाफेचे पाणी करील, आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी. शिवाय पावसाळ्यात आमच्या गावी वीज असे तेव्हा असे.

खोली कोरडी करणे आपल्या आवाक्यात नाही, हे मान्य करावयास मला एक रात्र लागली. सकाळी उठल्यावर वाटले, की खोलीशी आपल्याला करावयाचे काय आहे? वाचवावयाच्या आहेत वह्या, आणि वह्या आहेत कपाटात.

आम्ही ते सागवानी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. मागची फळी भिंतीला टेकली होती, तेथून ओल सरळ आत शिरत होती. पायांखाली विटा दिल्या. मग वह्या आणि पुस्तके बाहेर काढून, तोंडाला फडके बांधून, पडवीत नेऊन मऊ कुंचल्याने बुरशी झाडली. बुरशीची पूड श्वासाबरोबर आत गेली तर खोकला आणि दमा बळावतो, म्हणून हे काम कधी बंद खोलीत करू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दारांच्या कडांना बारीक चुकांनी ठोकल्या, म्हणजे दार लावले की फट राहू नये. मागच्या फळ्यांच्या सांध्यांत मेण भरले. कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटविण्याचा माझा बेत होता. पण खळ म्हणजे कसरीला मेजवानी, असे आजीने बजावल्यामुळे तो सोडून दिला. कपाटाच्या एका दाराला काच होती, ही मोठीच सोय झाली. बाटली खालच्या खणात गेली.

आता कपाटाच्या आत ओल किती आहे, हे दार न उघडता कसे कळावे? ओल्या चिंधीचा तपमापक आत ठेवला तर तो स्वतःच ओल वाढविणार. जिनीव्हाच्या होरास-बेनेडिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक वर्णिला होता, तो बाईंनी आम्हांला सांगितला. माणसाचा केस ओलाव्याने लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्यापासून अगदी ओल्यापर्यंत त्याची लांबी शेकडा दोन-अडीच भागांनी वाढते. बहिणीने मोठ्या उदारपणे आपला एक लांब केस उपटून दिला. तो साबणाने धुऊन तेलकटपणा घालविला. एका फळीवर वर खिळा मारून त्याला केसाचे एक टोक बांधले. खाली माडाच्या झावळीचा वीस सेंटिमीटर लांबीचा हीर टाचणीवर फिरता बसविला, आणि टाचणीपासून एक सेंटिमीटरवर केसाचे दुसरे टोक त्याला बांधले. हिराच्या टोकाला मेणाने एक चिंचोका चिकटविला, म्हणजे केस ताणलेला राहावा. केस अर्धा मिलिमीटर लांबला, की हिराचे टोक एक सेंटिमीटर खाली येई.

खुणा करण्यासाठी आमचे जुने मीठ पुन्हा कामास आले. फळी तेलाच्या मोठ्या रिकाम्या डब्यात आडव्या बाजूने ठेवली, आत ओले पंचे ठेवले, आणि डब्याच्या तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधला. रात्रभरात हीर जेथे स्थिरावला तेथे १०० ची खूण. मग पंचे काढून बारीक शुद्ध मिठाचा, पाण्यात भिजवून केलेला दाट लगदा एका ताटलीत ठेवला. बंद जागेत असा लगदा असला, की तेथील हवा ७५ च्या आसपास राहते. तेथे दुसरी खूण. त्याखाली तेवढ्याच अंतराने ५० ची खूण मी अंदाजाने केली. केस सगळीकडे सारख्या प्रमाणात आखडत नाही, त्यामुळे ती बिनचूक नव्हती. पण आम्हांला वाट दाखविण्यास पुरेशी होती.

२ ऑगस्टला, रविवारी, आम्ही कपाट बंद केले. हीर ९० च्या जवळ होता. कपाटात हवा असेल पाऊण घनमीटर. तिला ६० वर आणण्यास सहा-सात ग्रॅम पाणी, म्हणजे सव्वा चमचा, काढणे पुरे. मला वाटले, संध्याकाळपर्यंत काम होईल. पण आठवडा गेला तरी हीर ८५ च्या खाली उतरेना. उलट बाटलीचे वजन मात्र ४१० ग्रॅमने वाढले! एवढे पाणी त्या इवल्याशा हवेत होतेच कोठे?

ते कागदात होते. कागद म्हणजे झाडाचे तंतू. ते हवेप्रमाणे ओल घेतात आणि सोडतात. कपाटातील वह्या-पुस्तके मिळून साठ किलो भरत होती. त्यांतली ओल शेकडा एका भागाने कमी करावयाची, तरी सहाशे ग्रॅम पाणी बाहेर आले पाहिजे. बाटली हवेतले पाणी ओढी, आणि कागद लगेच तेवढे हवेत सोडी. आजोबांना ही गोष्ट फार आवडली. "सावकाश सुकू दे," ते म्हणाले, "झटकन सुकले तर पाने वाकडी होतात."

दर रविवारी बाटलीचे वजन करावयाचे, खडे विरघळले असले तर नवे भरावयाचे, आणि खारट पाणी लांबच्या पडीक जागी, जेथे झाडझुडूप नाही तेथे ओतावयाचे, असा क्रम सुरू झाला. दार मिनिटाच्या आत बंद करावयाचे, हा बहिणीचा हुकूम. ती मोठ्याने आकडे मोजीत बाजूला उभी राही. दुसऱ्या आठवड्यात ३९० ग्रॅम, तिसऱ्यात ३५०, मग ३००, मग २६०. गौरी-गणपतीच्या दिवसांत हीर ७५ च्या खाली उतरला. त्या दिवशी आजीने नैवेद्याच्या ताटातले पहिले दोन मोदक आम्हांला दिले. सप्टेंबरच्या अखेरीस तो ६५ च्या आसपास येऊन थांबला आणि त्याखाली कधी गेला नाही. पुठ्ठ्यांवरची बुरशी पुन्हा वाढली नाही. वरच्या खणातली दोन पुस्तके मात्र आतून पोखरली गेली होती. तो कसरीचा उद्योग होता, आणि कसरीवर आमच्या बाटलीचा इलाज नव्हता.

ऑक्टोबरचे पहिले कडक ऊन पडले, तेव्हा आम्ही साऱ्या वह्या अंगणात चटईवर उघड्या मांडल्या. आणखी पाच वह्यांची पाने चिकटलेली होती. आजोबांनी बांबूची कागदासारखी पातळ पात तासून घेतली आणि एकेक पान तिने सोडविले. त्या कामास तीन दिवस लागले. मला त्यांनी शेवटच्या वहीचे शेवटचे पान सोडवावयास दिले. माझा हात कापत होता, पण पान अखंड निघाले. १९७४ च्या जुलैचे पान त्यांनी तसेच ठेवले. जे तीन आकडे वाचता आले, ते नव्या कागदावर उतरून वहीत घातले आणि बाकीच्या तारखांपुढे आडवी रेघ मारली.

त्या वर्षीची वही मी पुढे पाहिली. पावसाच्या रकान्याशेजारी आजोबांनी पेन्सिलीने एक नवा रकाना आखला होता आणि त्यात नऊ रविवारांचे आकडे लिहिले होते. खाली बेरीज होती: 'कपाटातील पाणी, २ किलो ३९० ग्रॅम.'